जिभेची गाठ, जळगावचा दवाखाना आणि माझा ळ

पाचपैकी चार स्टार देतेय. एक का कापला ते खाली येईलच. मी रिव्ह्यू वगैरे लिहिणारी बाई नाही, घरात मिक्सर आला काय नि फ्रिज आला काय मी कधी कुठे दोन ओळी लिहिल्या नाहीत, पण या वेळी सहा महिने डोक्याला जो ताप झाला तो झाला आणि त्यातून ज्या माणसाने बाहेर काढलं त्याच्याबद्दल न लिहिणं बरं वाटेना. डॉक्टरांचं नाव टाकत नाहीये, त्यांना विचारलेलं नाही आणि माझंही टाकायचं नाहीये. जळगावातला तोंड-जबड्याच्या सर्जनचा दवाखाना आहे एवढंच धरा. नावापेक्षा ते काय काय करतात ते वाचा, म्हणजे तुमच्या गावचा डॉक्टर पण त्यावर पारखता येईल.

तर झालं असं. मी अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पहिली-दुसरी माझ्याकडे, म्हणजे दिवसभर तोंडच चालतं. गेल्या डिसेंबरात आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती, तुराट्यांवर वांगी भाजलेली, सोबत कळण्याच्या पुऱ्या, गप्पांच्या नादात जीभ चावली गेली आणि जीभ दाताखाली आली तेव्हा लक्षात आलं की उजव्या कडेला काहीतरी आहे. हरभऱ्याएवढं. आरशात बघितलं तर वरून काहीच नाही, जिभेचा रंग तसाच, जखम नाही, फक्त आत गोळी ठेवल्यासारखं. दुखत अजिबात नव्हतं आणि हाच सगळा घोटाळा. दुखलं असतं तर दुसऱ्या दिवशी पळाले असते. चावल्यामुळे सूज असेल म्हणून सोडून दिलं, मग संक्रांत गेली, मग शाळेचं गॅदरिंग, फेब्रुवारीत बघते तर बोराएवढी झालेली आणि बोलताना दाताला घासायला लागलेली. मागे वळून विचार केला तर ती डिसेंबरच्याही आधीपासून असणार, मला फक्त त्या दिवशी सापडली.

घरात सांगितलं आणि चूक केली. सासूबाई म्हणे, "तुनी जीभले काय व्हई गयं व माय," आणि मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला बसल्या. आमचे हे काहीच बोलले नाहीत, नुसते मोबाईल घेऊन ओट्यावर जाऊन बसले, ते जास्त भीतीदायक होतं. आपल्याकडे गाठ हा शब्द उच्चारला की पुढचा शब्द कोणी बोलत नाही पण सगळ्यांना ऐकू येतो. आणि भीती बिनबुडाची पण नाही ना, २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे म्हणतात आणि आमच्या शाळेच्या कंपाउंडबाहेर रोज सकाळी झाडताना पुड्यांचा ढीग निघतो. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे प्रत्येकाच्या ओळखीत एकाला तरी झालेला असतो.

आधी गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी बघून सांगितलं की दाढेची कड धारदार आहे, ती घासून घासून जिभेला गाठ येते, दाढ गुळगुळीत करून देतो, दोन आठवड्यांनी या. त्यांना मी दोष देत नाही, अशा घासण्याने खरंच गाठ येते आणि पहिला अंदाज तोच करायचा असतो. दोन आठवड्यांनी फरक नाही म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं की आता माझं काम नाही, पुढे दाखवा. इतपत सरळ माणूस. त्यापुढे मात्र आम्ही कोणाच्या तरी सांगण्यावरून एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, कुठलं ते सोडा, आणि तिथे जे झालं त्याने माझी झोप उडाली. दोन मिनिटं बघितलं, बारीक सुई टाकून पाणी काढल्यासारखं काहीतरी काढलं, एफएनएसी म्हणतात ते, चार दिवसांनी रिपोर्ट आला त्यात लिहिलं होतं मटेरिअल अपुरं, थोड्या स्पिंडल म्हणजे चातीसारख्या लांबट पेशी दिसतात, बायोप्सी करून खात्री करावी. तो कागद हातात घेऊन तिथले डॉक्टर म्हणाले, "टाटाला दाखवून घ्या." बस. पुढचा पेशंट. मी विचारलं सर म्हणजे कॅन्सर आहे का, तर म्हणे तसं मी म्हटलेलं नाही. मग काय म्हटलंय?? परतीच्या गाडीत मी धरणगाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

नंतर कळलं की या प्रकारच्या गाठीत सुईने पुरतं उत्तर मिळत नाही हे बऱ्याचदा होतं, त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त ते कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

आता मुद्द्याचा दवाखाना. माझ्या भावजयीच्या अक्कलदाढेचं ऑपरेशन इथे झालेलं, तिने नंबर दिला. मार्चचा शेवटचा आठवडा, ऊन असं की स्टँडवरून रिक्षाने जाईपर्यंत डोकं तापलं. पहिला मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. वेळ ११ ची दिलेली, आत घेतलं १ वाजून ४० मिनिटांनी. कापलेल्या स्टारचा अर्धा भाग इथेच गेला. वेटिंगमध्ये एक कूलर आणि पंचवीस माणसं, त्यात निम्म्यांची तोंडं उघडत नाहीत अशी, गुटख्याने आतली कातडी दोरीसारखी कडक होते ना ती. डॉक्टर त्यांना स्वतःची बोटं उभी धरून तोंडात घालायला लावतात, तीन बोटं जायला पाहिजेत, एका विशीतल्या पोराचं दीड बोट जात होतं. त्याची आई माझ्या शेजारी बसली होती, तिला मी काय बोलणार.

पण एकदा आत गेल्यावर त्या माणसाने घड्याळ बघितलं नाही. आधीचे कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले मॅडम आधी मला तुमची जीभ बघू द्या, कागद नंतर. ग्लोव्ह्ज घालून एक बोट आतून एक बाहेरून अशी गाठ चाचपली, सरकते का बघितलं, जिभेचं टोक गॉजने धरून डावीकडे उजवीकडे ओढलं, जीभ बाहेर काढायला लावली सरळ येते का वाकते ते बघायला, मग कापसाने गाठीच्या पुढे मागे स्पर्श करून डोळे मिटून सांगायला लावलं कुठे लागतंय. मग मान, जबड्याखाली, कानाखाली सगळीकडे गाठी चाचपल्या. यातलं एकही त्या मोठ्या हॉस्पिटलात झालं नव्हतं.

मग प्रश्न. तंबाखू, मशेरी, सुपारी. नाही नाही नाही (शाळेत सुपारी खाल्ली होती एकदा तेही सांगून टाकलं घाबरून). मग विचारलं अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का, दीड सेंटीमीटरपेक्षा मोठे, सहा किंवा जास्त? काखेत ठिपके? अंगावर मऊ मऊ गाठी? घरात कोणाला? थायरॉइडचा कॅन्सर घरात कोणाला झालाय का? मला वाटलं हा माणूस जिभेवरून थायरॉइडवर का गेला. तर कारण आहे. जिभेतली गाठ मज्जातंतूची पण असू शकते, आणि तशा गाठी कधी कधी एकट्या नसतात, एक आनुवंशिक आजार असतो न्यूरोफायब्रोमॅटोसिस त्यात असे डाग आणि गाठी अंगभर येतात, आणि दुसरा एक दुर्मिळ प्रकार असतो त्यात लहानपणापासून ओठांवर जिभेवर बारीक बारीक पुष्कळ गाठी असतात आणि त्या माणसाला थायरॉइडच्या एका वाईट कॅन्सरचा धोका असतो, म्हणजे तोंडातली निरुपद्रवी गाठ बघून दुसरीकडचा मोठा आजार वेळेत पकडता येतो. मला तसलं काही नव्हतं. आमच्या ह्यांनी उगाच स्वतःच्या हातावरचा डाग दाखवला, डॉक्टर म्हणाले तो शाईचा आहे सर.

मी सरळ विचारलं, कॅन्सर आहे का. त्यांचं उत्तर मला शब्दाला शब्द लक्षात आहे. "दिसतंय तरी साधी गाठ, वरची कातडी चांगली आहे, सरकतेय, मानेत काही नाही, हळू वाढलीय. पण नाव मी सांगणार नाही. नाव पॅथॉलॉजीवाला सांगेल." मग कागदावर चार-पाच शक्यता लिहिल्या, घासण्याने येणारी फायब्रोमा, लाळेच्या ग्रंथीची, चरबीची, मज्जातंतूच्या आवरणाची आणि एक ग्रॅन्युलर सेल नावाची, ती जिभेवरच जास्त येते. त्या शेवटच्या गाठीबद्दल एक गोष्ट सांगितली ती मला फार महत्त्वाची वाटली, ती साधी असते पण तिच्या वरची कातडी अशी काही जाड होते की वरवरचा तुकडा काढून तपासला तर तो कॅन्सरसारखा दिसू शकतो, आणि मग माणसाची विनाकारण मोठी सर्जरी होऊ शकते. म्हणून तुकडा घ्यायचा तर खोल घ्यायचा, आणि गाठ लहान असेल तर तुकडा नाहीच, अख्खी काढून पाठवायची, म्हणजे तपासणी पण तीच आणि इलाज पण तोच.

एमआरआय करून आणायला सांगितला कारण गाठ स्नायूत किती खोल आहे ते बोटाने कळत नव्हतं. लहान वरवरच्या गाठीला लागत नाही म्हणे, माझी मधली होती. रिपोर्टमध्ये आलं, दीड सेंटीमीटर, कडा स्पष्ट, टी-टू मध्ये, म्हणजे एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात, चकाकणारी, आजूबाजूला घुसलेली नाही. सीडी नुसती घेऊन जाऊ नका, ती चालेलच असं नाही, फिल्म पण मागून घ्या. आमची सीडी तिथल्या कॉम्प्युटरवर उघडलीच नाही आणि मोबाईलवर काढलेले फिल्मचे फोटो बघून काम भागवलं.

मग त्यांनी आमच्या ह्यांना समजावलं, शेतकरी माणूस आहे म्हटल्यावर बरोबर धागा पकडला. विहिरीवरच्या मोटारीची केबल असते ना, आत तार आणि वर रबर, तसं मज्जातंतूवर पण आवरण असतं, श्वान नावाच्या पेशींचं. त्या आवरणाच्या पेशी वाढल्या की गाठ होते. त्यात दोन मुख्य प्रकार. एकात गाठ केबलच्या बाजूला फुग्यासारखी लटकते, तिला स्वतःची पिशवी असते, ती तार न तोडता सोलून काढता येते बऱ्याचदा, ती श्वानोमा. दुसऱ्यात तारा आणि गाठ एकमेकांत गुंतलेल्या, पिशवी नाही, ती न्यूरोफायब्रोमा, तिथे गाठ काढायची तर तार वाचवणं अवघड. आमचे हे म्हणाले म्हणजे पहिलीत रबर कापायचं, दुसरीत केबलच बदलायची. डॉक्टर म्हणाले बदलायला दुसरी केबल नाही ना सर आपल्याकडे.

वेटिंगमध्ये चोपड्याकडचे एक काका भेटले होते, त्यांची कहाणी याच्याच शेजारची. खालची दाढ काढल्यावर काही महिन्यांनी त्या जागी बारीक गाठ आली आणि कवळी घातली की करंट बसल्यासारखी कळ ओठापर्यंत जायची. त्यांनी तीन कवळ्या बदलल्या, कवळीवाल्याशी भांडण झालं, शेवटी इथे कळलं की तुटलेल्या मज्जातंतूची टोकं पुन्हा जुळायला जातात आणि तिथेच गुंता होऊन गाठ बनते, ट्रॉमॅटिक न्यूरोमा. ती खरी ट्यूमर पण नाही, जखम भरताना झालेला गोंधळ आहे. म्हणजे बघा, माझी गाठ दुखत नव्हती आणि त्यांची जीव घेत होती, दोन्ही मज्जातंतूच्याच, दोन्ही साध्या. दुखण्यावरून काही ठरत नाही.

ऑपरेशन आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत घेतलं, मेच्या पहिल्या आठवड्यात. आदल्या भेटीत त्यांनी फॉर्मवर मराठीत हाताने लिहून दिलं काय काय होऊ शकतं: जीभ काही दिवस ते काही महिने बधिर, क्वचित कायमची, चव कमी होऊ शकते, सूज, रक्त, बोलण्यात फरक. मी शिक्षिका आहे म्हणून बोलण्याखाली दोनदा रेघ ओढली. जिभेच्या पुढच्या भागाची स्पर्शाची आणि चवीची तार एकाच वाटेने येते, आणि जीभ हलवणारी तार वेगळी, त्यामुळे जीभ लुळी पडायची भीती नाही पण बधिरपणा गृहीत धरा असं सांगितलं. मला हे आवडलं. वाईट गोष्ट आधी सांगितली की नंतर ती झाली तरी माणूस फसल्यासारखा वाटत नाही.

पूर्ण भूल नाही, दाताला देतात तशीच जागा बधिर करायची इंजेक्शनं. पाऊण तास लागला. दुखलं नाही पण ओढल्यासारखं खूप वाटतं, आणि जीभ दोऱ्याने बाहेर धरून ठेवतात त्यामुळे लाळ गिळता येत नाही, नर्सबाई सक्शन धरून होत्या त्यांचा हात एकदाही हलला नाही, त्यांना वेगळा एक स्टार. जिभेच्या कडेला लांबीत एक चीर, मग चाकू बाजूला ठेवून बोथट हत्याराने हळूहळू सोडवत गेले. गाठ सुटली तेव्हा डॉक्टर नुसतं "हं" म्हणाले. नंतर बाटलीत दाखवली, मला वाटलं काहीतरी काळंबेरं रक्ताळ असेल, तर सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखी, पिवळसर पांढरी, गुळगुळीत. एवढ्याशासाठी मी सहा महिने देवाला नवस बोलत होते. अख्खी, न कापता, फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, माझ्यासमोर बाटलीवर माझं नाव, तारीख, कुठल्या बाजूची ते लिहिलं. लिहिलेलं मला वाचायला लावलं. हे मुद्दाम सांगतेय कारण माझ्या जावेच्या भावाची ओठावरची गाठ एकाने काढून डस्टबिनमध्ये टाकली होती, साधीच आहे म्हणे, तपासायला काय पाठवायची. साधीच असेल हो, पण दोन वर्षं झाली तरी तो काही खाऊन खोकला की त्या घरात सगळ्यांना धस्स होतं. गाठ काढली आणि पॅथॉलॉजीचा कागद मिळाला नाही तर काम अर्धंच झालंय.

टाके चार, विरघळणारे. पंधरा दिवस ताक, नागलीची पेज, वरणाचं पाणी, शिकरण. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात, शेवभाजी शेजारच्या घरात शिजतेय आणि मी पेज. गुळण्या करायचं जे औषध दिलं त्याने दात तपकिरी झाले, ते कोणी सांगितलं नव्हतं, मला वाटलं आता हे काय नवीन, फोन केला तर कंपाउंडर हसून म्हणाला क्लीनिंग केलं की जातं ताई. जातं खरं, गेलं. पण कागदावर एक ओळ लिहायला काय जातं.

आता ळ ची गोष्ट. सूज उतरली, र यायला लागला, ल आला, पण ळ येईना, जीभ वर वळवून टाळूला लावायची तर उजवी बाजू कुठे आहे तेच कळायचं नाही. जळगाव म्हणायला जाऊ तर तोंडातून जयगाव. आता ज्यांना अहिराणी येते ते हसले असतील, कारण अहिराणीत ळ चा य होतोच, जयगाव, केयी, डोया, असंच बोलतात आमच्या घरात सगळे, मीच एक शाळामास्तरीण शुद्ध बोलणारी. सासूबाईंना इतका आनंद झाला, म्हणे "आते तू खरी अहिराणी बोली ऱ्हायनी." दीर रोज फोन करून मला डाळ-बाजरीचे भाव विचारायचा, फक्त डाळ ऐकायला. शाळा उघडली जूनमध्ये तेव्हा पहिलीच्या पोरांना मी फळा म्हटलं ते फया ऐकू गेलं आणि अख्ख्या वर्गाला काही वावगं वाटलंच नाही, त्यांच्या घरी फयाच म्हणतात. एकाने पण हसलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आरशासमोर मोठ्याने वाचा, तर मी रोज संध्याकाळी माळ, काळ, गूळ, मुळा, पळस करत बसायची. जुलैच्या मध्यावर एक दिवस भांडण चालू असताना ह्यांना "कळतं का तुम्हाला" म्हटलं आणि ळ कडक आला, भांडण तिथेच संपलं.

रिपोर्ट. इथे उरलेला अर्धा स्टार गेला. आठ दिवस म्हणाले होते, सतरा लागले. मधे एकदाही स्वतःहून फोन नाही. मी चौथ्यांदा फोन केला तेव्हा रिसेप्शनवाली म्हणाली आयएचसीला गेलंय, जणू मला ते काय ते माहितीच आहे. ते आहे एक जास्तीची रंगाची तपासणी, गाठ कुठल्या पेशींची आहे ते पक्कं करायला, त्याला वेळ लागतो आणि पैसे पण वेगळे, हे दोन्ही आधी सांगायला हवं होतं. सतरा दिवस काय जातात ते वाट बघणाऱ्यालाच माहिती. डॉक्टरांना नंतर मी तोंडावर सांगितलं, त्यांनी सॉरी म्हटलं, कारण दिलं नाही, ते मला बरं वाटलं.

रिपोर्ट मात्र डॉक्टरांनी ओळ ओळ वाचून दाखवला. श्वानोमा. पातळ पिशवी आहे, आत दोन प्रकारची रचना, अँटोनी ए म्हणजे दाट, तिथे पेशींच्या ओळी कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या समोरासमोर, त्यांना व्हेरोके बॉडी म्हणतात, आणि अँटोनी बी म्हणजे विरळ ढिली जागा. एस-१०० पॉझिटिव्ह, म्हणजे आवरणाच्याच पेशी. कॅन्सरचं काही लक्षण नाही. पॉझिटिव्ह शब्द ऐकून ह्यांचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं वाईट आलं, करोनापासून आपल्याला पॉझिटिव्हची सवय तशीच लागलीय. मला शिक्षकी खोड, मी घरी येऊन शोधलं ही नावं कोणाची. व्हेरोके उरुग्वेचा माणूस, प्रागला काम करायचा, त्याने १९१० मध्ये या गाठीचं वर्णन केलं, अँटोनी स्वीडनचा, १९२० चा, आणि श्वान तो जर्मन, प्राण्यांचं शरीर पेशींचं बनलंय हे १८३९ मध्ये सांगणारा. कुठले कुठले लोक माझ्या जिभेत राहून गेले.

या गाठी शरीरात सगळ्यात जास्त डोक्या-मानेकडे येतात, पण तोंडाच्या आत फार कमी, आणि तोंडात आल्या तर जीभ ही त्यांची आवडती जागा. पिशवीसकट पूर्ण निघाली तर परत येणं क्वचितच, आणि कॅन्सरमध्ये बदलणं तर त्याहून दुर्मिळ. न्यूरोफायब्रोमॅटोसिसवाल्यांचं वेगळं, त्यांच्या गाठीत तो धोका खरा असतो, त्यांनी अचानक वाढली किंवा दुखायला लागली तर थांबायचं नाही. मला औषध काहीच नाही, ना गोळी ना शेक ना लाइट. औषधाने ही गाठ जिरत नाही, कोणी जिरवून देतो म्हणत असेल (आमच्या बाजारच्या दिवशी एक जण बसतो जडीबुटी घेऊन, त्याने मला पण सांगितलं होतं) तर पैसे वाचवा.

पैशाचं विचारतात सगळे म्हणून लिहिते. तपासणी फी ४००, एमआरआय बाहेर ७ हजारच्या आसपास, ऑपरेशन सगळं धरून १८ हजार, पॅथॉलॉजी १२००, आणि तो न सांगितलेला आयएचसी साडेतीन हजार. ही माझी बिलं, तुमची वेगळी असतील. पक्कं बिल मागावं लागलं, आधी चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता, मागितल्यावर मात्र कुरकूर न करता दिलं. आमच्या मेडिक्लेममध्ये काही बसलं नाही कारण ॲडमिट झाले नव्हते, पॉलिसी आधी वाचा, मी नंतर वाचली.

महाग आहे का? सरकारी दंत महाविद्यालयात गेलं तर यापेक्षा पुष्कळ कमीत होतं, मुंबई, नागपूर, संभाजीनगरला आहेत, पण आमच्यासाठी ते लांब आणि दर भेटीला एक दिवस रजा. ज्याला जमेल त्याने तिकडे जरूर जावं.

आणखी एक गोष्ट. ऑपरेशनच्या रात्री साडेअकराला टाक्यातून रक्त झिरपायला लागलं, थुंकी लाल, घरात रडारड. कागदावर दिलेल्या नंबरवर फोन केला, डॉक्टरांनी स्वतः उचलला, घाबरू नका, गॉजची घडी करून दहा मिनिटं घट्ट दाबून बसा, मधे उघडून बघू नका, गुळणी करू नका, दहा मिनिटांनी मीच फोन करतो. आणि बरोबर दहाव्या मिनिटाला फोन आला. दिवसा ११ ची वेळ देऊन पावणेदोनला आत घेणारा माणूस रात्री घड्याळ लावून फोन करतो, याचं काय करायचं मला कळत नाही, म्हणून चार स्टार.

आता जीभ कशी आहे म्हणाल तर उजव्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत अजून झोपल्यासारखं वाटतं, बाकी सगळं जागं झालंय, दोन-अडीच महिने लागले. मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी घाबरले होते पण तार जागी होताना असंच होतं म्हणे. चव आली. ठेचा पहिल्यांदा खाल्ला तो रक्षाबंधनाला, डाव्या बाजूने, मग हिंमत करून उजव्या बाजूने, डोळ्यातून पाणी आलं आणि घरातले सगळे खूश.

नोव्हेंबरात सहा महिन्यांची भेट आहे, नुसतं बघून चाचपून सोडणार आहेत. वेळ ११ ची दिलीय. मी दीडची धरून चाललेय, कळण्याची भाकरी आणि ठेचा डब्यात, आणि सासूबाईंना जिन्याचं सांगून घरीच ठेवणार आहे.